वाटेत काय पाहिलंस?

गुरुजी गेल्याचं मला बारामतीच्या बाजारात कळलं, मेथीची जुडी हातात असताना. सांगणाऱ्याला वाटलं, मी रडेन. मी जुडी पिशवीत टाकली आणि इंदापूरची गाडी कुठं लागते ते विचारलं. नव्वदीच्या पुढचा माणूस, जाणारच होता. पण गाडीत बसल्यावर सवयीनं बाहेर नीट बघायला लागले, आणि मग लक्षात आलं, आता हे सांगायचं कुणाला...

मी पारध्याची मुलगी. इंग्रजांनी कायदा करून आमची जातच्या जात चोर ठरवली होती. चोरी होवो न होवो, माझ्या बानं रोज चावडीवर हजेरी द्यायची. स्वातंत्र्यानंतर तो कायदा उठला, पण आमच्या गावच्या पाटलाची सवय उठली नाही. मी बाच्या मागं जायची. नाव पुकारलं की तो पायरीखाली उभा राहायचा, हात जोडून "हजर हाय, सरकार" म्हणायचा आणि जा म्हणेपर्यंत हलायचा नाही.

जगन्नाथ गुरुजी शाळेवर नवेच आले होते, मिसरूडही धड नव्हतं. मला न्यायला ते पालावर आले तेव्हा बाला वाटलं, पोरीवर काही आळ आला. पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं. मी उठले, बाहेर जाऊन पायरीखाली उभी राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "हजर हाय, सरकार." पोरं लोळून हसली. पाटलाची मुलगी म्हणाली, "गुरुजी, तिच्या मुठी बघा, काय उचललंय का." गुरुजी हसले नाहीत. मला आत बसवलं आणि त्या दिवशी पुढची नावं घेतलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता 'हजर' कुणी म्हणायचं नाही. नाव घेतलं की शाळेत येताना वाटेत काय पाहिलं ते सांगायचं. पाटलाच्या मुलीनं बैल सांगितला. ती रोज बैलच सांगायची. मी सांगितलं, ओढ्याकडेला तितराची पिल्लं आहेत. मधल्या सुट्टीत दोघीतिघी माझ्यामागं बघायला आल्या. धरायची नाहीत, असं मीच त्यांना बजावलं.

आमच्या पुस्तकात एक धडा होता. त्यात आमच्या जातीचं नाव घेऊन लिहिलं होतं, चोरी यांच्या रक्तातच असते. गुरुजींनी तो गाळला. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका तोच विचारला. कुणालाच येईना. साहेबांचा आवाज चढला आणि मी दाराकडं बघितलं, कारण बानं बजावलं होतं, तितं कुणी अंगावर आलं की शाळा बंद. गुरुजींनी मला पुढं उभं केलं.

"साहेब, ही सोना. हिच्याकडं बघून तो धडा एकदा मोठ्यानं वाचा. तुम्हाला जमलं, तर उद्या मी शिकवतो."

साहेबांनी पुस्तक उघडलं, माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि भूगोल विचारला.

मला न विचारता असं पुढं उभं करायला नको होतं. मोठेपणी मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. "खरं आहे सोना, चुकलंच माझं," म्हणाले.

त्यांची लवकरच बदली झाली. पण मी चौथीपर्यंत शिकले. घरी मी बाला सगळं सांगितलं होतं. पुढं एका संध्याकाळी पाटलाचा माणूस हजेरीला बोलवायला आला, तेव्हा बा पालातूनच म्हणाला, "पोरीच्या शाळंत हजर म्हणत न्हाईत. मी बी आता येत न्हाय." आम्ही धसक्यातच होतो. कुणी आलं नाही.

पुढं गुरुजी इंदापुरात राहिले. मी गेले की खुर्चीतूनच पुकारायचे, "सोना पवार..." आणि मी आधी वाटेत पाहिलेलं सांगायची, मग पाणी प्यायची.

परवा मी पोचले तेव्हाही ती खुर्ची ओसरीवर होती. मी समोर बसले. कुणी नाव घेतलं नाही. मग मीच बोलले, "कळस गावाच्या पुढं रस्ता उकरलाय. कडेच्या गवतात तितराची जोडी होती."

आतून गुरुजींची सून म्हणाली, "मला काय म्हणालात, आत्या?"

"तुला न्हाय," म्हटलं. आणि पाणी मागितलं.