सोळा नट आणि एक अंगठा

कारखान्यात त्यांना सगळे गेजमास्तर म्हणत. पंपांचे सुटे भाग तपासायचं काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. मापाची उपकरणं हाताशी असायचीच, पण त्याआधी ते भागावरून उजवा अंगठा फिरवत आणि बहुतेक वेळा निकाल तिथेच लागे. नापास भागावरचा त्यांचा लाल ठिपका पुसायची कुणाची छाती नव्हती. एकदा सख्ख्या मेहुण्याचा अख्खा ट्रे त्यांनी परत पाठवला. मेहुणा वर्षभर घरी फिरकला नाही.

निवृत्तीनंतर उरली दारातली जुनी गाडी, मुलीपेक्षा सहा वर्षांनी मोठी. मुलीला ऐंशी किलोमीटरवर नोकरी लागली आणि गाडी तिने न्यायची असं ठरलं. इंजिन मिस्त्रीने बघितलं. चाकांचे नट गंजले होते. ते घरीच करतो, असं गेजमास्तरांनी सांगून टाकलं.

एका वेळी एकाच चाकाचे चार. व्हिनेगरच्या डब्यात भिजवायचे, तारेच्या ब्रशने घासायचे, पॉलिश पेपर मारायचा, मग फळीवरच्या खिळ्यांवर उभे करून चंदेरी रंगाचे तीन पातळ हात. फळी स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथला उजेड बायकोला शिवणकामाला लागायचा. "पोरीला कधी इतक्या वेळा आंघोळ घातली नाहीत तुम्ही," ती म्हणायची.

खरी गोम नटाच्या तिरक्या कडेत असते. तीच चाकाला टेकते. तिथे रंग राहिला तर आवळताना नट घट्ट वाटतो, पण गाडी धावली की रंग चिरडतो आणि नट सैल होतो. म्हणून ती कड खरवडून धातू उघडा करायचा. चंदेरी रंग आणि उघडा धातू डोळ्यांना सारखेच दिसतात, तेव्हा भिस्त अंगठ्यावर. सोळाही नट अंगठ्याने पास केले.

त्यांचा मधुमेह बारा वर्षांचा. पायांना मुंग्या येतात हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. बोटांचं सांगितलं नव्हतं.

शनिवारी मुलीने गाडी चाळीसेक किलोमीटर फिरवून आणली. रविवारी सकाळी, बॅगा डिकीत ठेवून झाल्यावर, त्यांनी सवयीने नटांना पाना लावला. पुढच्या डाव्या चाकाचा पहिला नट अर्धा फेरा फिरला. दुसराही फिरला. चौथाही.

नवे बसवलेले नट थोडे ढिले होतातच, असं म्हणून पुन्हा आवळता आले असते. मुलगी स्टिअरिंगसमोर बसून फोन बघत होती. तिने विचारलंही नसतं. त्यांनी एक नट काढून कडेवर अंगठा फिरवला. गुळगुळीत. नट घेऊन ते आत गेले.

"जरा बघ गं. काही लागतंय का?"

बायकोने सुई कापडात खोचली आणि बोट फिरवलं. "लागतंय की. पापुद्रा आहे, निम्म्या कडेला."

त्यांनी नट परत घेतला. उजवा अंगठा फिरवला, मग डावा.

"मला नाही लागत."

तिला नवल वाटलं नाही. महिन्यापूर्वी त्यांनी तापलेलं पातेलं नुसत्या हातांनी उतरवून शांतपणे ओट्यावर ठेवलं होतं, ते तिने पाहिलं होतं. "मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल," ती म्हणाली.

गाडी आज जाणार नाही म्हटल्यावर मुलगी वैतागली. काल काही झालं का, परत आवळा की, असं तिचं म्हणणं. हा युक्तिवाद त्यांनी कारखान्यात एकतीस वर्षं ऐकला होता. "तपासणी चुकली आहे," ते म्हणाले. "माझी." मुलगी दुपारच्या बसने एक बॅग घेऊन गेली. बाकीच्या डिकीतच राहिल्या.

गाडी आता हलणार नव्हतीच, म्हणून त्यांनी सगळे नट काढून शिवणयंत्राच्या टेबलावर मांडले. बायको एकेकावरून बोट फिरवत होती आणि नापास नटावर शिवणाच्या खडूने रेघ ओढत होती. अकरांवर रेघ आली. पाच तिने बाजूला सरकवले.

"हे पाच नीट बघितलेस?"

"बघितले."

खात्री करायला त्यांनी हात पुढे केला. नटापर्यंत नेला आणि मागे घेतला. मग रेघवाला पहिला नट आणि चाकू उचलून ते खरवडायला बसले. झाला की तिच्याकडे द्यायचा होता.