नव्या कोब्याचा ढाळ

दारासमोरचा कोबा नवा केला, त्याला आज अकरावा दिवस. सकाळी नळीने पाणी मारतो, तेव्हा ते क्षणभर थबकतं आणि मग मुकाट शेजारच्या भाऊसाहेबांच्या पायरीकडे चालू लागतं. बघत राहावं असं चालतं.

चार वर्षं ते उलट वाहायचं. भाऊसाहेबांनी आपलं अंगण उंच करून घेतलं आणि त्यांची गाडी धुतलेलं पाणी आमच्या दारात साचू लागलं. खालची माती वाहून गेली, कोबा खचला, त्यावर शेवाळ धरलं. एक दिवस बायको घसरली, मनगट मोडलं. भाऊसाहेब खिडकीतून म्हणाले, "वहिनी, बघून चालावं."

म्हणून जुना कोबा फोडून, खाली नवा मुरूम ठोकून बसवल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "ढाळ कुठं काढू?" तेव्हा मी बोट दाखवलं. ते हसले. म्हणाले, "सात दिवस पाणी मारा. जेवढं पाणी पिईल, तेवढा घट्ट होईल."

रागाचंही तसंच असावं. नुसता सोडून दिला की त्याला भेगा पडतात, भुगा होतो. रोज पाणी मिळालं की दगड होतो.

मागून बायको आली. "सात दिवस कधीच झाले," म्हणाली आणि तिने माझ्या हातातली नळी घेतली. आता नळ बंद करणार, असं वाटलं. पूर्ण न वळणाऱ्या त्या मनगटाने तिने तो आणखी मोठा सोडला.