साडूंच्या डोळ्यात वीज चमकते

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की चमकणाऱ्या उजेडाविषयी शेवटचा शब्द उच्चारण्याचा अधिकार सध्या जगात एकाच माणसाकडे आहे. तो डोंबिवलीत मानपाड्याला राहतो आणि माझा थोरला साडू आहे. मस्कतहून लोक सोनं आणतात. बावीस वर्षं तिथे वायरिंग करून साडूंनी अरबी शब्द आणले, तेही फक्त लखलखाटाचे. बर्क म्हणजे वीज. नुसतीच चमकून पाऊस न देणारी वीज ती बर्क खुल्लब, आणि शब्द देऊन न पाळणारा माणूसही तोच. टिटवाळ्याला त्यांनी नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन ठेवला होता, तिथली लिफ्ट "पुढच्या आठवड्यात नक्की" सुरू करणाऱ्या बिल्डरच्या माणसाला ते हात जोडून "या, खुल्लबशेठ" म्हणत, आणि तो बिचारा खूश होऊन चहा पिऊन जाई. लामि म्हणजे झळकणारा, म्हणून हुशार. गणितात काठावर सुटलेल्या माझ्या मुलीला मात्र त्यांनी वमीद ठरवलं. वमीद म्हणजे अंधूक लुकलुक, आणि आशेचा किरणसुद्धा. यातलं नेमकं काय, ते त्यांनी सांगितलं नाही. माझी बायको अजून विचारात आहे.

मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "अरे, गुरुवारपासून उजव्या डोळ्यात काहीतरी चमकतंय. नाव सापडत नाहीये."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"आधी कळायला नको का, काय दाखवायचं ते?"

मी साडूंना आणि ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, रिक्षात कोंबलं आणि ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काय होतंय, असं बाईंनी विचारलं. साडू म्हणाले, "वमीद म्हणावं तर जास्त आहे, बर्क म्हणावं तर जोर कमी पडतो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे पाहिलं. "पेशंट मराठीच आहेत ना?" बाईंनी हळूच विचारलं.

तपासल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. डोळ्याचा पडदा सुटत आला होता. "चार दिवस घालवलेत, काका. आजच ऑपरेशन करू. या डोळ्याला पुढे किती दिसेल, ते आत्ता सांगता येणार नाही." साडू एवढंच पुटपुटले, की डोळे दिपून माणूस गोंधळतो, त्यालाही बर्कच्याच घराण्यातला शब्द आहे. कोणता, असं मी विचारलं. त्यांना आठवेना. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

ऑपरेशननंतर दीड महिना त्या डोळ्याला सगळं धूसरच होतं. मग एका तपासणीला बाईंनी त्यांचा चांगला डोळा झाकला आणि ताईंना समोर उभं केलं. "सांगा काका, काय दिसतंय?"

साडूंचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग त्यांचा हात उठला, हवेत जरा चाचपडला, आणि ताईंची घाईत वाकडी लागलेली टिकली त्यांनी सरळ केली. ताई इतक्या गांगरल्या होत्या की ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, दिसतंय तर बोला ना काहीतरी. अरबीत बोललात तरी चालेल."