व्हय म्हाराजा म्हणायला कोणी

मसुऱ्याबाहेर मी जागा घेतली, तेव्हा तिच्यावर झाडं कमी आणि गाड्या जास्त होत्या. आधीच्या मालकाचं गॅरेज होतं, मागे एक खोली; तिच्यात मी राहायला लागलो. तो गेला, गाड्या राहिल्या. एक जीप, दोन रिक्षा, आणि मासळीचा एक टेम्पो. त्या टेम्पोच्या वासाने मालवणची मांजरं चालत मसुऱ्यापर्यंत यायची, शपथेवर सांगतो. जीपमध्ये ड्रायव्हरच्या जागी वारूळ बसलेलं, तेही ऐटीत.

गावात मी सांगून ठेवलं होतं की भंगार निघालं की घर बांधणार, आणि मुलगे, सुना, नातवंडं सगळी राहायला येणार. घर एवढं मोठं की पाहुण्याला न्हाणीघर शोधायला वाटाड्या लागेल! खरं म्हणजे बायको गेली, आणि मुलगे फोनवरसुद्धा घाईत असतात.

कुडाळचा भंगारवाला क्रेन घेऊन आला आणि गेटातच थांबला. जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाराणं घातल्याशिवाय तो साखळी लावेना. शेजारचे म्हातारे काका गाराणं घालायला तयार झाले, पण म्हणाले, "व्हय म्हाराजा म्हणाक चार माणसां तरी व्हयी." गाराण्यातल्या प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी तसा होकार द्यायचा असतो. मी घरोघर सांगून आलो. सगळे म्हणाले, "येतंव." पण काजू पडायला लागलेले, ठरल्या सकाळी सगळा गाव बागेत. भंगारवाला क्रेनपाशी फोनवर कोणाशी तरी हिंदीत भांडत होता.

काकांनी नारळ पुढे ठेवला, हात जोडले. "रे म्हाराजा, ह्या लेकरान हय जागो घेतल्यान..." आणि थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "कोण कोण रवतले हय? सांग. राखणदाराक खोटा सांगूक जमाचा नाय."

बोलण्यात मी अख्ख्या गावाला हरवलेलं. पण तोंडातून एवढंच आलं, "मी."

"आणि?"

"मीच, काका."

काका परत नारळाकडे वळले. मग आवाज चढवून म्हणाले, "ह्यो एकटो इलो हा. तेच्या दाराक माणसां येव दी, रे म्हाराजा!"

आणि होकारासाठी माझ्याकडे बघितलं.

"म्हण मरे!"

"माझं गाराणं, आणि होकारही मीच द्यायचा?"

"मगे कोण देतलो? जीप?"

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझी साधी हाकसुद्धा देवगडच्या होड्या मागे फिरवते, पण हे शब्द काकांनाही धड ऐकू गेले नसतील. त्यांनी नारळ फोडला, एक वाटी माझ्या हातात ठेवली आणि तेही काजूला गेले.

दुपारपर्यंत सगळ्या गाड्या उचलल्या गेल्या. त्यांच्या जागी पिवळं पडलेलं गवत तेवढं उरलं. आता रस्त्यावरून थेट माझी खोली दिसते. मी दारातच खुर्ची टाकून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेन असा.