मिक्सरचं वजन

काल दुकानात एक बाई दोन्ही हातांनी एकेक मिक्सर उचलून पाहत होती. त्यातला सर्वांत हलका तिनं घेतला, आणि मला शालूताई आठवल्या.

आमच्या मिक्सरच्या कारखान्यात त्या जोडणीवर होत्या. मी व्यवस्थापकांचा सहायक. एका बैठकीत त्या उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, आपला मिक्सर फार जड आहे. घरी रोज उचलून बायकांचे हात भरून येतात."

"इथे माल मिळावा म्हणून विक्रेते गेटवर ताटकळत उभे असतात," साहेब हसले, "आणि तुम्हाला वजनाची पडलीय!"

शालूताईंचं म्हणणं मला पटलं होतं. तरी साहेबांबरोबर मीही हसलो. त्यानंतर बैठकीत कुणी बोलेनासं झालं.

पुढे बाजार खुला झाला, बाहेरचे हलके मिक्सर आले आणि काही वर्षांतच गेटला कुलूप लागलं. बाजाराला दोष देणं सोपं असतं. तो काही समोर येऊन उत्तर देत नाही. शेवटच्या दिवशी मीही शालूताईंना तेच म्हणालो, "बाजारच खुला झाला, त्याला आपण काय करणार?"

"बाजार नंतर खुला झाला, साहेब," डबा पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या. "आम्ही त्याच्या कितीतरी आधी बोललो होतो."

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.