अक्काच्या कोंबड्या आणि माझा एक शब्द

अक्काच्या शेजारचा बसप्पा धारवाडाहून अळणावरला येऊन माझ्या दारात उभा राहिला आणि आत ये म्हटलं तरी येईना, तेव्हाच मला कळलं. "अण्णा, अक्का पहाटे गेली," म्हणाला. माझी थोरली बहीण. त्याला आता पाच आठवडे झाले. लोक तिच्या कोंबड्यांची आठवण काढतात. मला आठवते ती तिची भीती... आणि त्या भीतीत माझा हात किती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. प्लेग परत परत यायचा. गल्लीत उंदीर मेला की सरकारी माणसं यायची, घर रिकामं करायची आणि सगळ्यांना गावाबाहेर तट्ट्यांच्या झोपड्यांत धाडायची. अक्काचा नवरा तशाच झोपडीत गेला. ती धारवाडात माझ्याकडे राहायला आली ती दोन कोंबड्या घेऊन, आणि परसात त्यांच्या वीस केल्या. त्यांना कीड लागू नये म्हणून दुकानातलं औषध तिनं कधी आणलं नाही. चुलीची राख पुरती निवू द्यायची, चाळायची, बारीक माती मिसळून आंब्याखालच्या खड्ड्यात भरायची. कोंबड्या त्यात लोळायच्या, पंख फडफडवायच्या. अंड्यांच्या टोपलीत तंबाखूच्या काड्या नि कडुनिंबाचा पाला, खुराड्याला चुना, बसायच्या दांड्याच्या फटींत करंजेल. मी हसलो की म्हणायची, "माणसं पाण्यानं अंघोळ करतात, ह्या राखेनं. दात काय काढतोस?"

एका पावसाळ्यात खड्ड्यात पाणी शिरलं, राखेचा चिखल झाला आणि कोंबड्यांच्या पंखांखाली उवा पडल्या. त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला उंदीर मेला. चौकशीला शिपाई आला. अक्का म्हणाली, "मी बोलते, तुझं कन्नड कच्चं आहे." मला राग आला. मी चारच इयत्ता शिकलो, पण बाजारात माझं काही अडत नव्हतं. तिला मागं सारून मीच सांगितलं, घरात सगळे बरे आहेत, तेवढं "कोळिगे चिगट आग्याव." कोंबड्यांना उवा झाल्यात, असं मला म्हणायचं होतं; पण उवेला कन्नडात म्हणतात हेनु. चिगट म्हणजे पिसू... उंदरावरून उडी मारून माणसाला प्लेग देणारी. शिपाई दोन पावलं मागं सरला आणि पळालाच.

तासाभरात साहेब आला, बरोबर दोन माणसं आणि रॉकेलचा डबा. खुराडं जाळायचं, कोंबड्या पुरायच्या, आणि आम्ही दिवस मावळायच्या आत झोपडीत. अक्कानं खांब धरला. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. "तिथं नको रे... इथंच मार मला, तिथं नको." कुठल्या शब्दानं हे झालं ते मला कळलं होतं. चुकलो एवढं म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही.

उठली तीच. पांढरं लुगडं उन्हात अंथरलं, कोंबडी पायांनी उलटी धरली, पिसांत राख चोळली आणि झाडली. लुगड्यावर पिवळसर ठिपके पडले. साहेबानं पाटलोण गुडघ्यापर्यंत वर घेतली.

"बघा साहेब, उडतंय का? चिगट उडतं. हे नुसतं चालतंय. हेनु आहे हे."

साहेब काडीनं एकेक ठिपका टोचत राहिला. एकानं जरी उडी मारली असती तर...

"पाटलोण सोडा आता," अक्का म्हणाली. आवाज अजून कापत होता. "उवेला पिसं लागतात, तुम्हांला कुठली आलीत?" कुंपणावरचे लोक हसले. साहेबानं घर तपासलं, उंदराचं बीळ सापडलं नाही, गेला.

"शिपायानं भलतंच ऐकलं," मी म्हणालो.

"मेला बहिरा," अक्का म्हणाली. आणि मी ते तसंच राहू दिलं, जन्मभर.

दिवस झाल्यावर तिची खोली आवरायला घेतली. दारामागं एक गाठोडं होतं. बसप्पा म्हणाला, "दर अमावास्येला सोडून, धुऊन परत बांधायची. साहेब परत आला तर उचलायला बरं, म्हणायची." प्लेग जाऊन किती वर्षं झाली! आत दोन लुगडी, एक तांब्या, पुरचुंडीत भाजलेलं पीठ. आणि मी अळणावरला राहायला गेल्यालाही अर्धं आयुष्य लोटलं, तरी सगळ्यांत वर, नीट घडी घातलेलं माझं धोतर.