दाराआडचा खोकला

कोविडच्या पहिल्या वर्षी मी चाळिशीचा होतो. वॉर्डात आम्ही तिघं डॉक्टर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, शुगर असलेले आमचे सर. नुकतीच एमबीबीएस झालेली एक मुलगी. आणि मधला मी. पेशंट गेला की मुलगी जिन्यात बसून हुंदके द्यायची, तोंड धुवायची आणि परत कामाला लागायची. सर ढोकी गावातल्या भावाला फोन लावून उसाची चौकशी करत बसायचे. मी मनातल्या मनात दोघांनाही हसायचो. आपल्याला काही वाटत नाही, याचा मला अभिमान होता.

ड्यूटी संपली की आठ दिवस तुळजापूरच्या एका लॉजवर वेगळं राहायचं. मंदिर बंद होतं, यात्रेकरू नव्हते. लॉज आम्हालाच दिलेलं. आठव्या दिवशी माझी टेस्ट निगेटिव्ह आली. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायला म्हणून बूट घालायला बसलो. बांधलेली लेस सोडली, परत बांधली, परत सोडली. वॉर्डात पाऊल टाकायचं धाडसच होईना. मी फोन करून कळवलं, "घसा धरलाय, अंग दुखतंय."

चांगला धडधाकट होतो. चार दिवस पलंगावर पडून राहिलो. माझी पाळी त्या दोघांनी वाटून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर सर होते.

"दार उघडू नकोस. घरून भाकरी आन् शेंगाची चटणी मागवलीय, इथंच ठेवतो. कसंय आता?"

मी खोकलो. मुद्दाम, दोनदा.

ते लगेच गेले नाहीत. दाराजवळच हळू आवाजात म्हणाले, "तुला म्हणून सांगतो, मला लई भ्या वाटतंय रे. किट चढवायच्या आधी बाथरूममधला नळ सोडतो आन् रडून घेतो. तू भक्कम आहेस. लवकर बरा हो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी परत खोकलो.

पाचव्या दिवशी कामावर गेलो, तर दोघांनीही आधी तब्येत विचारली.

गेल्या हिवाळ्यात सरांच्या शेतावर हुरडा खायला गेलो, तेव्हा सगळं सांगून टाकलं. वाटलं, हसण्यावारी नेतील. कणीस चोळणारे त्यांचे हात थांबले.

"तवाच म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "दोघं मिळून रडलो असतो."

मग परत कणीस चोळायला घेत विचारलं, "त्या पोरीला सांगितलंस का? तिनं चोवीस-चोवीस तास काढलेत."

"नाही," मी म्हणालो.

तिचा नंबर माझ्याकडं आहे. अजून लावलेला नाही.